खासगी पाण्यातील ट्राउट आणि मालकाची जबाबदारी

महोदय,

दुर्गम भागातील खासगी ओढ्यांवर मोजक्याच लोकांना कृत्रिम माशी लावलेल्या गळाने ट्राउट धरू देण्याच्या पद्धतीला श्रीमंतांची चैन म्हणून नावे ठेवणे मला पटत नाही, कारण वर्दळ कमी असली की काठ आणि मासे दोन्ही टिकतात. मात्र मालकी हक्काबरोबर येणारी जबाबदारीही पाळली गेली पाहिजे. ट्राउट हा थंड पाण्यातील मासा आहे. पाणी २० अंश सेल्सिअसहून अधिक तापले, की त्यातील प्राणवायू घटतो आणि गळाशी झुंजून थकलेला मासा सोडून दिल्यावरही दगावू शकतो. अशा दिवसांत, पाहुण्याने कितीही पैसे मोजलेले असोत, मालकाने मासेमारी बंद ठेवावी. उलटा काटा नसलेला गळ वापरावा आणि माशाला स्पर्श करण्यापूर्वी हात ओला करावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. मला सर्वांत घातक वाटते ती मासे वाढवणाऱ्या केंद्रातून मासे आणून सोडण्याची घाई: त्यांच्याबरोबर रोग येऊ शकतात आणि मूळच्या माशांशी संकरही होतो. ओढा पुढे इतरांच्या जमिनीतून वाहत असल्याने खासगी पाण्यातही मासे सोडण्यापूर्वी शासकीय परवानगी आणि रोगतपासणी सक्तीची असावी.

आपला,
एक वाचक