बाबा, तुमची ट्रंक उघडलीय

शहापूर, बेळगाव
२ जानेवारी

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर सगळं बोलता येत नाही, एक तर बाबांना नीट ऐकू जात नाही आणि आई, तुझ्या मागं दादाचा टीव्ही चालू असतो, म्हणून मोबाईलवरच हे टाईप करून दादाला पाठवतोय, त्याला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय, एकदम सगळं वाचत बसू नका. दोन दिवसांत वाचा. किंवा आईला वाचायला लावा, पण मग ती मधलं मधलं गाळणार, तेव्हा तुम्हीच वाचा.

तर तुम्ही दर रविवारी फोनवर एकच विचारता, मनू अभ्यास करते की नाही. आणि मी दर रविवारी सांगतो, करूलाली आहे की. बाबा, ते खोटं आहे. नाताळची सुट्टी लागल्यापासून तिनं पुस्तकाला हात लावलेला नाही, नाही म्हणजे लावलाय, फिजिक्सचं जाड पुस्तक मोबाईल टेकवून ठेवायला लागतं. ते कशाला ते पुढं सांगतो. सहामाहीत गणितात ८० पैकी ४३ आहेत, ते पण आत्ताच सांगून टाकतो, एकदाच काय ते रागवा. आणि नोव्हेंबरमध्ये वर्गात तिची चित्रांची वही जप्त झाली होती, ती आणायला मी ऑफिसात हाफ डे टाकून शाळेत गेलो. गणिताच्या तासाला गणिताच्या टीचरचंच चित्र काढलं होतं. मला वही परत देताना त्या टीचर रागवल्या खऱ्या, पण त्या एका पानावर थांबून जरा जास्त वेळ बघत होत्या, चित्र झकास आलं होतं ओ.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. तुमची ट्रंक उघडली. मी नाही, तिनं. चावी देवाच्या कपाटात तांब्याखाली असते हे तिला केव्हापासून ठाऊक होतं म्हणे, आम्हा भावंडांना चाळीस वर्षांत सापडली नव्हती.

पहिल्यापासून सांगतो. कॅम्पातली तिची मैत्रीण आहे ना, दिवाळीत किल्ला बघायला आली होती ती, गोल चेहऱ्याची. त्यांच्या घरी नाताळला गव्हाण करतात, बाळ येशू, गाई-वासरं, मेंढपाळ वगैरे. यंदा तिच्या मम्मीची तब्येत बरी नव्हती म्हणून मनू गेली मदतीला. आपल्या अंगणातल्या किल्ल्याची माती अजून तशीच ढिगानं पडली होती, मनूची मम्मी मला रोज म्हणायची काढून टाका, बरं झालं काढली नाही, तीच माती दोन पोत्यांत भरून रिक्षातनं कॅम्पात गेली. आणि मेंढपाळ कमी पडले म्हणून हिनं आपले मावळे नेले! तलवार काढून हातात काठी दिली, पगडीवर कापसाची पांढरी टोपी, अंगावर मागावरच्या सुताची घोंगडी. मेंढ्या गोकाकच्या लाकडी, आईनं यात्रेतनं आणलेल्या त्या. मी बघायला गेलो तर गव्हाणीच्या मागं डोंगर, डोंगराला तटबंदी आणि बुरूज सुद्धा. मी म्हटलं मनू, बेथलेहेमला बुरूज कुठले? तर म्हणते, पप्पा, डोंगर म्हटलं की माझा हात आपोआप तसाच वळतो. मैत्रिणीचे वडील हसून हसून खोकायला लागले. त्यांनी येताना डबा भरून नेवऱ्या दिल्या, म्हणजे आपल्या करंज्याच की, आणि दोदोल, नारळाच्या रसातला काळ्या गुळाचा, आई तुला फार आवडला असता. आम्ही दोन दिवसांत संपवला.

मग तिला मातीचं वेडच लागलं. किल्ल्याची माती चालत नाही, चिरा पडतात, म्हणून एका रविवारी खानापूरला घेऊन गेलो, तिथल्या कुंभाराकडनं मळलेली माती आणली. तो तिला सांगत होता, बाळ, करशील तेवढं राहणार नाही, सुकताना आक्रसतं, भट्टीत आणखी आक्रसतं, म्हणून आधीच मोठं करायचं. मी तिथं पटकन बोलून गेलो, आमच्या बाबांचं उद्यमबागेत आयुष्य ह्याच्यावरच गेलं, ते ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे नमुने, करायचे आणि लोखंड थंड होताना आक्रसतं म्हणून फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठं धरायचे, त्यांची पट्टीच तशी वेगळी असायची. बस्स. तेवढं बोललो आणि त्याच रात्री ट्रंक उघडली गेली.

आता पट्टी तिच्या टेबलावर आहे. आधी तिला विश्वासच बसेना, कंपासमधली पट्टी आणि तुमची पट्टी शेजारी ठेवून बघत बसली, सुरुवातीला दोन्ही बरोबर आणि तिसाव्या सेंटिमीटरला तुमची तीन मिलिमीटर पुढं. म्हणे पप्पा, ही खोटी पट्टी आहे. मी म्हटलं खोटी नाही बाई, कास्टिंगची आहे, ओतकाम थंड झालं की खरी होते. मग तिनं आजीसाठी पुठ्ठ्याचा सुईदोऱ्याचा डबा केला, खालचा भाग तुमच्या पट्टीनं मोजून आणि झाकण स्वतःच्या पट्टीनं. झाकण बसेना. तासभर चिडचिड, ओरडाआरडा, आणि मग एकदम कळलं तसं खो खो हसत सुटली. गणितात ४३ मिळवलेल्या पोरीनं त्या संध्याकाळी टक्केवारी काढून मला दाखवली, लोखंडाची किती, मातीची किती. मातीची तर कितीतरी जास्त निघाली. तिनं एकाच मापाच्या चकत्या करून, सुकवून, रोज मोजून वहीत लिहून ठेवलंय. हा अभ्यास धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

आता फिजिक्सच्या पुस्तकाचं. ती मातीची फिल्म करूलाली आहे. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, परत जराशी हलवायची, परत फोटो. एका सेकंदाला १२ फोटो लागतात, म्हणजे वीस सेकंदांच्या फिल्मला २४०. मोबाईल जराही हलता कामा नये, म्हणून पुस्तक, त्याच्याखाली आईचे तीन स्टीलचे डबे. डाळ कुठं आहे विचारलं की उत्तर मिळतं, मम्मी आत्ता नको, एकशे चाळीसावा फोटो चाललाय. तीन दिवस आमटी नाही घरात, पिठलं खाल्लं. आणि आई, फिल्ममधली बाई म्हणजे तू आहेस. मांडे करतेस. कोपरापर्यंत हातावर मांडा फिरवत मोठा करतेस आणि पालथ्या खापरावर टाकतेस, ते टाकायचं साधण्यात एक अख्खा दिवस गेला, बल्बच्या उजेडानं माती सुकते, एकशे सत्तराव्या फोटोला तुझा उजवा हात खांद्यातनं गळून पडला. ती रडायला आली होती. मग तशीच ठेवली फिल्म, त्यात आजीचा हात पडतो आणि आजी तो उचलून परत लावते आणि मांडा भाजते. मला तर तेच जास्त आवडलं. तू असतीस तर तेच केलं असतंस.

क्रोशा पण चालू आहे, पण तो फक्त रात्री, अंथरुणात. तू व्हिडिओ कॉलवर शिकवलेलं साखळी आणि खांब एवढंच येतंय, घरं मोजायचा कंटाळा, त्यामुळं टोपी सुरू केली की वर वर पिशवी होत जाते. सूत वडगावातनं आणते, मागवाल्यांकडं उरलेले तुकडे पोतंभर असतात. तिच्या मैत्रिणी हजार हजार रुपयांची लोकर ऑनलाईन मागवतात, ही जरीचे तुकडे गोळा करते, ते मात्र मला बरं वाटतं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही ते सोडा.

आता कोट. बाबा, पाणी प्या आणि मग वाचा.

ओल्ड मॅन तर तुम्हाला माहीतच आहे, एकतीस डिसेंबरच्या रात्री बाराला बेळगावात गल्लोगल्ली जाळतात तो पुतळा. कॅम्पात ख्रिसमसच्या आधीपासूनच रस्त्याकडेला विकायला उभे असतात, पण आमच्या गल्लीतल्या पोरांनी ठरवलं यंदा विकतचा नको, मनू करणार. बांबूचा सांगाडा, भाताचं पिंजर, सुगी नुकतीच झालेली त्यामुळं पिंजर पाहिजे तेवढं, घरभर बासमतीचा वास. तोंड तिनं कागदाच्या लगद्याचं केलं. आणि कपडे पाहिजेत म्हणून ट्रंकेतला तुमचा तपकिरी कोट. ताईच्या लग्नातला. तिला काय माहीत तो कुठला ते, तिला वाटलं डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय म्हणजे कुणाला नको असेल. काळ्या सुताच्या मिशा, तारेचा चष्मा, तुमची माकडटोपी. आणि सोप्यात तुमच्या खुर्चीवर बसवून ठेवला वाळायला.

तीस तारखेला मी रात्री साडेनऊला आलो, विधानसभेच्या अधिवेशनाची गर्दी संपलीय पण रस्त्यांची खोदाई आहेच, दमलो होतो, त्यात लाईट गेलेली. गेट लावता लावता मी म्हटलं, बाबा, एवढ्या थंडीत बाहेर काय बसलाय, आत चला. चप्पल काढली आणि मग आठवलं की तुम्ही पुण्यात आहात.

मी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण सकाळी समोरच्या अक्का दुधाला बाहेर आल्या आणि त्यांनी पण, अज्जा, यावाग बंद्री? कधी आलात? म्हणून हाक मारली, वर रागावल्या की हल्ली बोलत पण नाहीत अज्जा. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. मनूची मम्मी जी चिडली तिच्यावर! जित्याजागत्या माणसाचं असलं काही करू नये, ते पण जाळायला. आई, तू हे वाचून घाबरू नकोस, जाळलेला नाही. ही उठली तशी दृष्ट काढली, मीठ-मोहरी काय काय, बाहुल्याची काढली का बाबांची ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मनू गप्प होऊन कोपऱ्यात. तिचं म्हणणं एवढंच, मी आबांना बघून नाही केला, माझा हात तसाच वळला.

मग कोट काढला, मिशा काढल्या, चष्मा काढला. आणि त्या बाहुल्याला माझं जुनं निळं जर्किन घातलं. झालं असं की पोट आधीच भरपूर भरलेलं होतं, त्यामुळं तो आता हुबेहूब मीच दिसायला लागला. माझी कुणी दृष्ट काढली नाही. बाराला गल्लीच्या तोंडाशी उभा केला, आतले फटाके फुटायला लागले आणि ती सगळी कारटी ओरडूलाली, काका पेटले, काका पेटले. मनू मोबाईलवर शूट करता करता मला विचारते, पप्पा, कसं वाटूलालंय? मी म्हटलं थंडी कमी झाली.

कोट नीट आहे. पिंजराच्या काड्या ब्रशनं काढल्यात, कॉलरला आतून थोडा फेविकॉल लागलाय तो दिसत नाही, दोन दिवस उन्हात टाकून परत घडी करून ठेवलाय. आतल्या खिशात अर्धी पेन्सिल निघाली, सुतारी, लाल-निळी. ती तिच्याकडं आहे आणि ती द्यायला तयार नाही, तुम्ही तिच्याशी बोलून घ्या.

आज शाळा सुरू झाली, सहाला उठवताना महाभारत झालं. आता तिच्या डोक्यात काटेरी हलवा आहे, परातीत तीळ घेऊन थेंब थेंब पाक घालत सकाळच्या थंडीत चोळत बसायचं, व्हिडिओ बघून करते म्हणते, पण काटा काही येईना, नुसते गोळे होतात. आई, तुझ्याशिवाय जमणार नाही. दादाला म्हणावं १० तारखेपर्यंत सोड, संक्रांत १४ ची आहे, दोन-तीन दिवस तरी हाताशी पाहिजेत. बाबांचे ड्रॉप्स इथं पण मिळतात.

आणि बाबा, ट्रंकेला परत कुलूप लावू की तशीच उघडी ठेवू, तेवढं कळवा. तिला तो छोटा रंधा पण पाहिजे आहे, अजून मागितलेला नाही, पण रोज काढून बघते आणि परत ठेवते.

तुमचा,
बाळू