शनिवारचा सिनेमा : वेळेची आठवण

सभासद मित्रमैत्रिणींनो,

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये झोया अख्तर यांचा ‘दिल धडकने दो’ (2015) दाखवणार आहोत. सिनेमा जवळपास 170 मिनिटांचा आहे, म्हणून संध्याकाळी बरोबर साडेपाचला सुरू करू. उशीर करू नका. मेहरा कुटुंबाची ओळख घरचा कुत्राच करून देतो, तीही आमिर खानच्या आवाजात!

आईवडिलांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची क्रूझ, त्यात जुळणारी प्रेमं आणि उसवणारे संसार. नाचाचं एक अख्खं गाणं एकाच शॉटमध्ये घेतलंय, ते मोठ्या पडद्यावरच बघावं. शेफाली शाह आरशासमोर एकटीच केक खाते, तो प्रसंग मला सगळ्यात भिडतो. तेव्हा तरी फोन बंद ठेवा, ही कळकळीची विनंती.

मध्यंतरात चहा आहे. कप आपापला आणा, आणि घरच्या मोठ्यांनाही.