आधी तू लिही, मग बोलू

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोन करायचा सोडून हा माणूस पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे, पण ते शेवटी. आधी सांगितलं तर तू मधलं वाचायचाच नाहीस; धड्याखालचे प्रश्न पाहून धडा वाचायची तुझी सवय मला माहीत आहे.

आपल्या वर्गाचा मेळावा ठरल्याचं ग्रुपवर वाचलंच असशील. त्यात कोणीतरी स्मरणिकेची टूम काढली आणि ते लचांड माझ्या गळ्यात आलं. शाळेत माझे निबंध बरे असायचे, ही ख्याती इतक्या वर्षांनीही पुसली गेलेली नाही. म्हटलं ठीक आहे, आठवणीच तर लिहायच्या आहेत. बसलो आणि लक्षात आलं की हे वाटतं तितकं सोपं काम नाही.

सुरुवात म्हणून शेवटच्या वर्षाचा वर्गाचा फोटो पुढे घेतला. एकही चेहरा परका वाटला नाही. कोण कुठल्या बाकावर बसायचा, कोणाचं अक्षर तिरकं, कोणाला उसनं दिलेलं पेन परत मिळायचं नाही, सगळं भराभर आलं. मग कागदावर नावं लिहायला लागलो आणि अर्ध्यातच अडलो. ‘उंच, चष्मेवाला’, ‘मॉनिटरच्या शेजारचा’ असल्या नोंदींनी कागद भरला. वाटलं, झालं, आता वय बोलायला लागलं.

तसं नाही म्हणे. हॅरी बारिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. शाळा संपवलेली ३९२ माणसं त्यांनी घेतली. काहींना शाळा सोडून थोडेच दिवस झाले होते, तर काहींना पन्नासएक वर्षं. त्यांच्याच वर्गाचे जुने फोटो अनोळखी फोटोंत मिसळून दाखवले, तर साधारण पस्तीस वर्षांनंतरही लोक दहातले नऊ चेहरे बरोबर ओळखत होते. पण समोर काही न ठेवता ‘नावं सांगा’ म्हटलं की बऱ्याच जणांची पंचाईत व्हायची, आणि जितकी वर्षं जास्त तितकी ती वाढायची. म्हणजे माझ्या कागदाची जी गत झाली ती जगरहाटीच आहे. त्यामुळे मेळाव्यात कोणी हात पुढे करून ‘ओळखलंस का?’ विचारलं तर बेधडक हो म्हण. ते खरंच असेल. नाव मात्र त्यालाच बोलता बोलता सांगायला लाव.

हे वाचायला लागलो आणि मग सुटेना. बारिकनेच १९९६ मध्ये आणखी एक खोडसाळ काम केलं. ९९ कॉलेजविद्यार्थ्यांना त्यांच्या शाळेतल्या श्रेणी आठवायला सांगितल्या आणि शाळेच्या दप्तराशी ताडून पाहिल्या. एकूण ३,२२० श्रेणींपैकी ७१ टक्के बरोबर निघाल्या. आता गंमत बघ. सगळ्यात वरची श्रेणी असली तर ती ८९ टक्के वेळा बरोबर आठवत होती. काठावरची असली तर अवघी २९ टक्के. आणि ज्यांचं चुकलं त्यांतले बहुतेक वरच्या दिशेनेच चुकले होते. तुझ्या भूमितीच्या गुणांबद्दल मी काही म्हणत नाही. दर भेटीत ते एकदोनाने वाढतात, पण अजून शंभराच्या वर गेलेले नाहीत, एवढ्यावर मी समाधानी आहे.

बीजगणिताचं मात्र तुझं मान्य. पुढे कॉलेजात वरचं गणित शिकलेल्यांना शाळेतलं बीजगणित पन्नास वर्षांनंतरही जवळजवळ जसंच्या तसं येतं, आणि जे शाळेतच थांबले त्यांचं हळूहळू पार धुऊन जातं, शाळेतले गुण सारखे असले तरी. हेही बारिकचंच, १९९१ सालचं. तू पुढे शिकत गेलास. माझ्याकडे ‘अ अधिक ब कंसाचा वर्ग’ तेवढा शिल्लक आहे, तोही चालीवर.

आता माझं एक जुनं दुखणं सांगतो. तुला आठवतं का, सकाळच्या सभेत बातम्या वाचायची पाळी माझ्यावर आली होती आणि दुसऱ्या बातमीत माझा आवाज फुटला? वाक्य एका गळ्यातून सुरू झालं आणि दुसऱ्याच गळ्यातून संपलं. संपूर्ण शाळा पुढे उभी. माझ्या लेखी त्या दिवशी पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत प्रत्येक जण हसला होता, शिपाईसुद्धा. कित्येक वर्षं मी चार माणसांसमोर बोलायला उठलो की आधी घसा तपासायचो. मागे एकदा फोनवर मी तुला हे सांगितलं, तर तू म्हणालास, “असं झालं होतं? मला तर त्या दिवसाचं एवढंच आठवतंय की विज्ञानाचे सर शाळा सोडून चालल्याचं तेव्हा कळलं.” मी थक्क. सर गेले ते मला आठवतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी गेले होते!

२००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे छान पकडलं. घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचं भलंमोठं चित्र असलेला टी-शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्यांना वाटलं, खोलीतल्या जवळपास निम्म्यांनी पाहिलं. खरं तर चारातल्या एकाच्या आसपास कोणाच्या ते ध्यानात आलं होतं. त्या वयात प्रत्येक जण स्वतःच्या फुटलेल्या आवाजात, मुरमांत, आखूड झालेल्या पँटमध्ये इतका बुडालेला असतो की दुसऱ्याकडे बघायला सवड कोणाला? खरं म्हणजे हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. पण थोडंसं वाईटच वाटलं. इतकी वर्षं सांभाळलेल्या लाजेला एकही साक्षीदार नसावा, हेही काही बरं नाही.

तू नेहमी विचारतोस ना, की शाळेची ती मोजकी वर्षं एवढी जागा का अडवून बसतात? नोकरीतली पुढची इतकी वर्षं गेली, त्यातलं निम्मं अंधुक, आणि मधल्या सुट्टीतला एखादा वाद मात्र शब्दन् शब्द लख्ख. १९८६ साली डेव्हिड रुबिन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांतल्या आठवणींची वयवार मांडणी केली, तेव्हा प्रौढ माणसांच्या आठवणींत साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा चक्क उंचवटा दिसला. कारणांवर अजून वाद आहेत. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी याच काळात दाटीवाटीने येतात, आपण कोण हे माणूस याच काळात ठरवत असतो, असं काही जण म्हणतात. मला पटलं ते वेगळंच. १९९८ मध्ये श्राउफ आणि रुबिन यांनी देश सोडून गेलेल्या माणसांना विचारलं, तर जे उशिरा, पस्तिशीच्या सुमारास गेले होते, त्यांचा उंचवटा पुढे सरकून स्थलांतराच्या वर्षांपाशी आला होता. म्हणजे मामला निव्वळ वयाचा नाही, आयुष्याची घडी बदलण्याचा आहे. तूही तिशी उलटल्यावर देश सोडलास. म्हणूनच तुझ्या बोलण्यात शाळेइतकीच ती पहिली भाड्याची खोली येते, आणि मी इथेच राहिलो म्हणून माझ्या बोलण्यात फक्त शाळा. मागे तू मला ‘शाळेत अडकलेला’ म्हणाला होतास. आता पुरावा आहे, शब्द मागे घे.

इथवर सगळं गमतीचं. आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मेळाव्यात एक छोटं नाट्य बसवायचं ठरलंय. विषय कोणता, तर आपले ते पट्टीवाले सर. त्यांचं वर्गात येणं, टेबलावर पट्टी आपटणं, मग ठरलेला प्रश्न आणि ठरलेला बळी. ग्रुपवर सगळे हसून हसून लोळतायत. संवाद मी लिहावेत म्हणतात, कारण सरांची लकब मला चांगली जमते. ठरलेला बळी म्हणजे तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा, तुझ्या घरामागच्या गल्लीत राहायचा तो. नाव इथे लिहीत नाही, तुला कळलं असेल. नाट्यात त्याचंही काम आहे, ते दुसराच कोणीतरी करणार आहे. तो स्वतः ग्रुपवर होता. नाट्याची चर्चा सुरू झाली त्या संध्याकाळी बाहेर पडला. का, ते कोणी विचारलं नाही. ‘नंबर बदलला असेल’ असं कोणीतरी लिहिलं आणि त्याखाली पुन्हा हसण्याचे चेहरे.

तेव्हापासून माझं मन काही त्या संवादांत लागेना. आणि नेमका तेव्हाच डॅनियल ऑफर या मानसोपचारतज्ज्ञांचा अभ्यास वाचनात आला. १९६२ साली त्यांनी चौदा वर्षांच्या मुलांना घरचं, शाळेचं, मनातलं बरंच काही विचारून टिपून ठेवलं होतं. त्यांतले ६७ जण पुन्हा गाठले तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ‘तेव्हा तुम्ही काय सांगितलं असेल?’ असं त्यांना विचारलं, तर उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी निघाली. घरी मारून शिस्त लावतात असं चौदाव्या वर्षी ८२ टक्के मुलांनी सांगितलं होतं. मोठेपणी ते आठवणारे साधारण एक तृतीयांशच होते.

हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. मार विसरला जातो, हे खरं. आपणही छड्या खाल्ल्या, आणि आज त्या सांगताना आपल्याला मजा येते. पट्टीपेक्षा पट्टीचा आवाजच जास्त आठवतो. पण आपल्याला मार अधूनमधून मिळायचा. त्याला रोज मिळायचा, सगळ्यांदेखत, आणि प्रश्न असा निवडलेला की त्याला येणारच नाही. विसरणाऱ्यांत तो असेल की न विसरणाऱ्या तिसऱ्या हिश्शात? आपण जी गोष्ट विनोद म्हणून घोटून घोटून गुळगुळीत केली, ती त्याच्याकडे कोणत्या रूपात आहे, हे ठाऊक नसताना ती रंगमंचावर आणायची माझी तयारी नाही. सर वाईट होते की त्या काळी सगळीकडे हेच चालायचं, या वादात मला पडायचं नाही. ग्रुपवर तो वाद रंगला तर रंगू दे. मला फक्त त्या वर्गात काय घडायचं ते नीट लिहून हवंय.

आता पत्र का, ते सांगतो. फोनवर आपण दोघं बोललो की घोळ होतो. तू म्हणतोस, “खिडकी डावीकडे होती,” मी दोन क्षण थांबतो आणि मलाही ती डावीकडे दिसायला लागते. याचीही परीक्षा झालेली आहे: रोडिगर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये घरातल्या खोल्यांची चित्रं दोघादोघांना दाखवली आणि मग काय काय पाहिलं ते एकमेकांपुढे आठवायला लावलं. दोघांतला एक जण संशोधकांचाच माणूस होता, तो मुद्दाम चित्रात नसलेल्या वस्तू सांगायचा. नंतर एकट्याने लिहायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याच्या यादीतही त्या वस्तू उतरल्या. स्मरणिकेसाठी ग्रुपवर जमलेल्या आठवणी मी वाचतोय, तर सगळ्या एकाच साच्यातल्या. पहिल्याने जो विनोद सांगितला तोच पुढच्या सगळ्यांना ‘लख्ख आठवतोय’.

तेव्हा तुला विनंती अशी. ग्रुपवरचं आता काही वाचू नकोस. एक दिवस सवड काढ आणि पट्टीवाल्या सरांच्या तासाबद्दल जे तुझं म्हणून आठवतं ते लिही. तो कुठे बसायचा, सर त्याला नेमकं काय विचारायचे, तो काय करायचा, शाळा सुटल्यावर तो तुझ्याबरोबर घरी यायचा तेव्हा त्यावर कधी काही बोलायचा का. बोलत नसेल तर तसंही लिही. अंदाज नको, जिथे आठवत नाही तिथे ओळ कोरी ठेव. मी माझं आधीच लिहून पाकिटात बंद केलंय, तुझं आल्यावर उघडेन. दोन्ही जुळणार नाहीत याची मला जवळजवळ खात्री आहे, आणि जिथे जुळणार नाहीत तेच मला बघायचं आहे.

आणि त्याचा पत्ता तुझ्या घरच्यांकडे असेल तर तोही कळव. तुझं पत्र आलं की मी त्याला भेटायला जाणार आहे, एकटाच. तुझं किंवा माझं लिहिलेलं त्याला दाखवणार नाही. त्याला जे सांगायचं असेल ते आधी सांगू दे. काही सांगायचं नसेल तर चहापाणी करून परत येईन. नाट्याचे संवाद मी लिहिणार नाही, हे ग्रुपवर कळवून टाकलंय. कारण दिलेलं नाही. तर्क चालू आहेत. बहुमत आहे की मी भाव खातोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा

ता. क. आवाज फुटला त्या सभेबद्दलही चार ओळी लिही, पण मला बरं वाटावं म्हणून काही आठवू नकोस. आणि विज्ञानाचे सर त्या दिवशी गेले नव्हते, एवढं मात्र मी लेखी द्यायला तयार आहे.