प्रगत फिजिक्सची तयारी : आधी बीजगणित, मग लंबक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपली की पुढच्या वर्षी प्रगत पातळीचे फिजिक्स घेणाऱ्या मुलांच्या घरी एकच घाई सुरू होते : सुट्टीतच निम्मा अभ्यासक्रम उरकून टाकायचा. जाडजूड पुस्तके येतात, व्हिडिओंच्या याद्या होतात. वर्ग सुरू झाल्यावर हीच मुले दोन ठोकळे आणि एक दोरी एवढ्याशा गणितात अडकतात. नियम त्यांना पाठ असतो. हात अडतो तो सूत्रातून हवी ती राशी बाहेर काढताना, साइन घ्यायचा की कोसाइन हे ठरवताना आणि आलेख वाचताना. सुट्टी खर्च करायची तर ती इथे करावी, पुढचे धडे वर्गात होतातच.

बीजगणितापासून सुरुवात करू. साध्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, हा दोन पाय (π) गुणिले, लांबी भागिले ‘जी’ (गुरुत्वत्वरण) याचे वर्गमूळ. यातून जी काढा म्हटले की बरेच जण लगेच आकडे भरतात आणि वर्गमुळाच्या चिन्हाखाली गुदमरतात. आकडे शेवटच्या ओळीपर्यंत बाहेर ठेवावेत. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, मग जी बरोबर चार पायवर्ग गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. वर्ग करताना बाहेरच्या दोनचा वर्ग हमखास राहून जातो आणि जी ९.८ ऐवजी ४.९ येतो. अक्षरांत मांडलेले सूत्र तपासताही येते : लांबी चौपट केली तर आवर्तकाल दुप्पट व्हायलाच हवा. आकडे कोंबल्यावर ही सोय राहत नाही. गतीची समीकरणे, गतिज ऊर्जा, वर्तुळाकार गती यांतली रोज आठ-दहा सूत्रे अशी उलटसुलट केली की तीन आठवड्यांत हात बसतो. एककांचे रूपांतरही याच वेळी पक्के करावे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर हे सगळ्यांना जमते, पण चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना दहा हजारांऐवजी शंभराने भागणारे कमी नाहीत.

त्रिकोणमिती मोजकीच लागते, पण ती पक्की लागते. उतारावरच्या ठोकळ्याच्या वजनाचा कोणता घटक साइनचा, हे पाठ करण्यापेक्षा कोन शून्य करून पाहावे. उतार सपाट झाला, म्हणजे खाली ओढणारा घटक शून्य व्हायला हवा, म्हणून तिथे साइन. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिला असेल तर ३० चा साइन उणे ०.९८८ येतो आणि चूक लगेच दिसते. ४५ चा मात्र ०.८५१ येतो. तो ०.७०७ नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही आणि उत्तर बिनबोभाट चुकते. गणिताला बसताना आधी ३० चा साइन ०.५ येतो का, एवढे पाहून घ्यावे.

आता बलांची आकृती, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम. घर्षण नसलेल्या टेबलावर ३ किलोचा ठोकळा, त्याची दोरी कडेच्या हलक्या कप्पीवरून खाली आणि टोकाला २ किलोचा ठोकळा लटकलेला. दोरीतला ताण किती? ‘१९.६ न्यूटन, लटकत्या ठोकळ्याच्या वजनाइतका’ हे ठरलेले चुकीचे उत्तर. ताण वजनाइतका असता तर लटकता ठोकळा खाली वेग घेऊच शकला नसता. प्रत्येक ठोकळ्याची वेगळी आकृती काढली की गणित सरळ होते : त्वरण १९.६ भागिले दोन्ही ठोकळ्यांचे मिळून ५ किलो, म्हणजे ३.९२. ताण ३ गुणिले ३.९२, म्हणजे ११.७६ न्यूटन. पडताळा लटकत्या ठोकळ्यावर घ्यावा : १९.६ वजा ११.७६ म्हणजे ७.८४, आणि २ गुणिले ३.९२ हेही तेवढेच.

आकृतीतल्या प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारावा : हे बल कोण लावते? पृथ्वी, दोरी, टेबल, हवा असे नाव सांगता आले नाही तर बाण खोडून टाकावा. हातातून सुटलेल्या चेंडूवर ‘हाताचे बल’ दाखवणारे बाण याच चाळणीत गळतात. टेबलाने वर लावलेले बल नेहमी वजनाइतकेच असते हा समजही काढून टाकावा लागतो. लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने वर जाऊ लागली तर ६० किलोच्या माणसावर जमीन ५८८ नव्हे, ७०८ न्यूटनचे बल लावते.

आलेखांसाठी एकच उदाहरण सुट्टीभर पुरेल. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि हवेचा रोध सोडून दिला, तर वेग आणि काळ यांचा आलेख कसा? अनेक जण इंग्रजी व्ही काढतात, कारण ते वेगाची दिशा सोडून नुसती चाल काढतात. खरा आलेख ही अधिक १९.६ पासून उणे १९.६ पर्यंत उतरणारी एकच सरळ रेषा आहे. ती दुसऱ्या सेकंदाला शून्य ओलांडते, पण तिचा चढ तिथेही उणे ९.८ च असतो. माथ्यावर वेग शून्य होतो, त्वरण होत नाही, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा या रेषेत पाहावे. पहिल्या दोन सेकंदांतले रेषेखालचे क्षेत्रफळ १९.६ मीटर भरते, तीच चेंडूने गाठलेली उंची.

प्रयोग एकच करावा, पण नीट. दोरा, एक जड नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढ्यावर लंबक होतो. दोरा खिळ्याला अडकवू नये. गाठ सरकते आणि लांबी बदलत राहते. दोन सपाट पट्ट्यांत तो घट्ट दाबून धरावा. लांबी पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजावी. एक मीटर दोऱ्याला नट बाजूला १७ सेंटिमीटरच्या आत ओढावा, म्हणजे कोन १० अंशांच्या खाली राहतो. ३० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि जी त्याच्या दुपटीने कमी दिसतो.

वीस दोलनांचा वेळ घ्यावा आणि मोजणी नट सर्वांत खाली असताना करावी. तिथे तो वेगात असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो. एकाच दिशेने जातानाच मोजावे, येता-जाता दोन्हीकडे मोजले तर जी चौपट निघेल. घड्याळ चालू करताना ‘शून्य’ म्हणावे. ‘एक’ म्हणून सुरुवात करून विसाला थांबलात तर दोलने एकोणीसच झालेली असतात, आणि जी १०.९ च्या आसपास आला की चूक हीच असण्याचा संभव मोठा. वीस दोलने का? बोटाला ०.२ सेकंद उशीर झाला तर दोन सेकंदांच्या एका दोलनात ती १० टक्क्यांची चूक होते, चाळीस सेकंदांत अर्ध्या टक्क्याची.

मग ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटिमीटर लांबीसाठी आवर्तकालाचा वर्ग लांबीसमोर मांडावा. लांबी मीटरमध्ये घेतली तर रेषेचा चढ ४.०३ च्या जवळ यायला हवा. चढासाठी तक्त्यातले बिंदू उचलू नयेत, काढलेल्या रेषेवरचे दोन लांबचे बिंदू घ्यावेत. कुणी लांबी नटाच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली असेल तर रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी वरून जाते. चढ मात्र तोच राहतो, म्हणून जी बरोबर येतो. एकाच लांबीच्या मोजणीत ही चूक लपून उत्तर बिघडवते, आलेखात ती उघडी पडते.

कॅल्क्युलसची धास्ती नको. अभ्यासक्रमात ते लागणार असेल तर घातांकाचे, साइन-कोसाइनचे विकलन आणि संकलन म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ, एवढे सुट्टीत पुरे. लागणार नसेल तर सोडून द्यावे.

व्हिडिओ पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते. सोडवलेले उदाहरण पाहिले असेल तर दुसऱ्या दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर ते पुन्हा करावे, आणि जिथे अडेल ती ओळ लाल पेनाने नोंदवावी. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस पुरतात. पालकांना चौकशी करायचीच असेल तर ‘किती धडे झाले?’ ऐवजी या लाल ओळी दाखवायला सांगाव्यात.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक