न उलटलेल्या पानांबद्दल आभार

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

माझ्या कठीण दिवसांत तुम्ही भेटायला आलात, तेव्हा 88 वं स्तोत्र मोठ्यानं वाचून झाल्यावर तुम्ही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मिटलंत आणि गप्प बसलात. घाईघाईनं मागं जाऊन धीर देणारं 23 वं काढलं नाहीत. हे पत्र मुख्यतः त्या न उलटलेल्या पानांसाठी आहे.

18 वचनांचं ते स्तोत्र. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत तर त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. तरीही ते रचणारा हेमान ओरडतो तो परमेश्वराकडेच. पहिल्या वचनात, मग नवव्यात, मग तेराव्यात अशी तीनदा हाक आहे, आणि तिसरी हाक सकाळची आहे. रात्र सरली, उत्तर आलं नाही, माणूस पुन्हा त्याच दारात उभा. संकटात देवाकडे लक्ष ठेवणं म्हणजे मन शांत असणं, असंच बहुतेकांना वाटतं. हेमानाचं मन शांत नव्हतं. तोंड मात्र देवाकडे होतं.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. प्रत्येकाच्या ओठांवर प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं 8:28 तयार. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतात. वचन खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोनच वचनं आधी, 26 व्यात, पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हेही आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. आणि त्याच पत्रात 12:15 मध्ये सांगतो, रडणाऱ्यांबरोबर रडा. 28 पाठ असलेल्यांना 26 ठाऊक नसावं, हे कोडंच आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

तुम्ही दिलेली प्रार्थनेची रीत इतकी साधी होती की ती इतरांनाही कळावी म्हणून इथं मांडते. 13 वं स्तोत्र घ्यायचं, फक्त 6 वचनं. पहिली दोन तक्रारीची. 'कोठवर' हा सवाल तिथं चार वेळा येतो. त्यापुढची दोन मागणीची, शेवटची दोन भरवशाची. पहिल्या दोनांनंतर थांबून आपलं दुखणं नाव घेऊन सांगायचं, सभ्य भाषा शोधत बसायचं नाही. मधल्या दोनांनंतर एकच मागणी करायची, दहा नाही. शेवटची दोन मनाला पटत नसली तरी वाचायची, कारण ते शब्द आपले नाहीत, उसने आहेत, आणि आपण रिकामे असतो तेव्हाच उसन्याची गरज पडते. वाचायचं मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलं की तिसऱ्या ओळीला डोळे पुढं जातात आणि मन मागंच राहतं.

10 मिनिटं, रोज एकाच वेळी, आणि अंथरुणात नाही. कोरडं वाटलं तरी एक मिनिट आधी उठायचं नाही. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला तर सांगतो की अशा दिवसांत ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसावं, आणि मन उजाड असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. लोक नेमकं उलटं करतात. प्रार्थना आटोपती घेतात आणि मंडळीत जाणं सोडून देतात.

मन भरकटलं तर त्याच्याशी झगडू नये, हे तुमचं म्हणणं फार मोलाचं. मन पळालं की त्याला पकडायला धावण्यातच दहा मिनिटं सरतात. जी काळजी आत शिरली तिचीच विनंती करून ती देवापुढं ठेवायची. नुसतं एखादं काम आठवलं असेल तर शेजारच्या कागदावर एक शब्द लिहून मोकळं व्हायचं. आणि सहा वचनंही झेपत नसतील त्या दिवशी मार्क 9:24 पुरे. श्वास घेताना 'माझा विश्वास आहे', सोडताना 'माझा अविश्वास घालवून टाका'. तेच तेच म्हणण्याची लाज वाटायला नको; गेथशेमाने बागेत प्रभूनंही तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असं मत्तय लिहितो.

डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते आपल्यासाठी वचन समजायचं, ही सवय तुम्ही हळूच सोडवलीत. बोट शापाच्या अध्यायावर पडलं तर महिनाभर धसका बसतो, गोड वचनावर पडलं तर त्यातून देवानं न दिलेला शब्द काढला जातो.

उपासाचंही तसंच. झोप उडालेल्या, जेवण न जाणाऱ्या माणसाला तीन दिवसांचा उपास सांगणारे भेटतात. त्यांनी 1 राजे 19 वाचावं. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. होरेब डोंगराची 40 दिवसांची वाट त्यानंतरची, आणि देवाची ती मंद वाणी त्याच्याही नंतरची. तुम्ही आधी 'जेवण झालं का' विचारलंत आणि मग शास्त्र उघडलंत, तो क्रम आता नीट कळतो.

चांगुलपणा बहुधा असाच असतो, वेळ काढून येणारा आणि उत्तर खिशात घालून न आणणारा. तुम्ही गप्प बसलात ते वचनं कमी ठाऊक होती म्हणून नव्हे, हे कुणालाही दिसलं असतं.

जाताना शास्त्रातली खुणेची फीत तुम्ही 88 वरच राहू दिलीत. ती अजून तिथंच आहे.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीतली एक बहीण