मागणी नाही म्हणता? मग ही 212 नावे कोणाची?

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी आम्हा केबलचालकांना सुनावले की, घरोघरी फायबरचे इंटरनेट पोहोचत नाही, कारण खेड्यांत मागणीच नाही. त्याच सकाळी रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने माझी तार वर्षभरात अकराव्यांदा तोडली होती आणि पलीकडची चार गावे बंद पडली होती.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात मी वीस वर्षे टीव्हीची केबल चालवली. दीड वर्षापूर्वी बायकोची पोत गहाण ठेवून फायबरची एजन्सी घेतली. 212 घरांनी नावे दिली, 94 जोडण्या झाल्या, आज 41 चालू आहेत. बाकीची का गळाली, हे मी दारोदार ऐकले आहे. 499 रुपये कबूल केलेल्या माणसाच्या हातात 18 टक्के जीएसटी धरून 589 रुपयांचे बिल पडते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब कुलूपबंद घराचे बिल का भरेल? तरीही पैसा हे मोठे कारण नव्हे. वीज गेली की राउटर बंद. ग्रामपंचायतीत जिथून गावाला नेट वाटले जाते, त्या पेटीची बॅटरी केव्हाच संपलेली, आणि त्या खोलीची किल्ली तीन गावे सांभाळणाऱ्या ग्रामसेवकांकडे. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पदनाम बदलले, किल्ली तिथेच आहे.) एक आजी मला म्हणाल्या, "भाऊ, तार शे, नेट नही." नवा ग्राहक शेजाऱ्याचे नेट पाहून येतो, आणि शेजाऱ्याच्या राउटरवर आठ-आठ दिवस लाल दिवा असतो. शिव्या मात्र मी खातो, हप्ताही मीच भरतो.

आपल्या खात्याने 2023 मध्ये सुधारित भारतनेटसाठी, म्हणजे गावोगावी फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेसाठी, 1,39,579 कोटी रुपये आणि दीड कोटी घरजोडण्या जाहीर केल्या. भागाकार केला तर घरामागे 93 हजार येतात. यात गावापर्यंतची तार आणि देखभालही आहे, असे हिशेबनीस सांगतील, पण ती देखभाल आमच्या शिवारात कोणी पाहिली? तारेचे कडे करावे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट येईल, हेही त्याच योजनेत लिहिले आहे. आमच्याकडे अजून एकच सरळ तार. खोदण्याआधी कळवण्यासाठी 2023 पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आहे. जेसीबीवाल्याला त्याबद्दल विचारले, तर तो नुसता हसला. एका खात्याने तार पुरायची आणि दुसऱ्याने उपटायची, यालाच समन्वय म्हणत असावेत.

आता राज्य सरकारने उपग्रहातून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र करून नंदुरबारला आकाशातून नेट देण्याचे ठरवले आहे. आनंद आहे. पण ही सेवा देशभरात 20 लाख ग्राहकांपुरतीच राहील, असे आपल्याच खात्याच्या राज्यमंत्र्यांनी सांगितले होते. त्यात आमचा नंबर कितवा? देशातले पहिले आधार कार्ड 2010 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. फोटोपुरता आमचा नंबर नेहमी पहिला असतो.

माझे मागणे एवढेच आहे: तार तोडणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून ती पुन्हा जोडण्याचा खर्च कापावा, ग्रामपंचायतीतल्या पेटीला चालू बॅटरी द्यावी आणि त्या खोलीची दुसरी किल्ली गावातच ठेवावी. आणि त्या अधिकाऱ्यांना 212 नावांची यादी पाहायची असेल, तर ती मी पुढच्या बैठकीला पिशवीत घालून आणतो.

आपला,
शहादा तालुक्यातील एक केबलचालक