चि. मनवास

वेंगुर्ला

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, ऑपरेशन लहानपणीच झालंय, आता काय व्हायचंय?" असं तू काल म्हणालीस. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या हृदयातला जन्मजात दोष म्हणजे टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. तेव्हा सर्जननी हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक बुजवलं आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी केली. ती मोकळी करताना तिथली झडप बऱ्याचदा गळकी राहते. मग वर्षानुवर्षं थोडं रक्त मागे फिरून उजव्या कप्प्यात येतं, कप्पा ताणत जातो आणि पुढे त्याची ताकद कमी पडू लागते. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडणं नव्हे गं. शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला झेपेनासं होतं.

मला धास्ती आहे ती हे चटकन कळत नाही याची. जन्मापासून असं हृदय घेऊन वाढलेलं माणूस नकळत चाल मंद करतं आणि तेवढंच आपलं बळ असं धरून चालतं. गणपतीत सागरेश्वरच्या वाळूत तू मागे पडत होतीस. बसून काम करून सवय गेली, म्हणालीस. असेलही. पण ते इको, ईसीजी आणि एमआरआय बघून ठरू दे.

झडप बदलावी लागली तरी घाबरू नकोस. २००० सालापासून काही जणांना ती मांडीच्या शिरेतून, छाती न उघडता बसवतात. फक्त कप्पा फार थकण्याआधी जायला हवं.

जन्मजात हृदयदोष असलेल्या मोठ्या माणसांना तपासणारेच डॉक्टर गाठ. बापूकाकांना ज्या गोळ्यांनी बरं वाटलं त्या मुख्यतः डाव्या कप्प्याच्या दुखण्यावर पारखलेल्या आहेत, तुझ्या उजव्या कप्प्याला तशाच लागू पडतील असं नाही. पाय सुजले, वजन एकाएकी वाढलं तर लगेच दाखव. धडधड होऊन चक्कर आली तर त्याच घडीला हॉस्पिटल गाठ. दाढ काढायची झाली तर आधी या हृदयाच्या डॉक्टरांना विचार. आणि मूल हवं असं तुम्हा दोघांच्या मनात येईल तेव्हा दिवस राहण्याआधी त्यांच्याशी बोला.

आई या खेपेला खारा बांगडा आणि सुकट पाठवत नाहीये, रुसू नकोस. ऑपरेशनचे जुने कागद स्पीड पोस्टाने पाठवलेत, ते डॉक्टरांना दाखव. तारीख मिळाली की कळव, मी रातराणीने पुण्याला येतो.

तुझा,
बाबा